मधला पाय

‘‘मला तिन्ही वेगळे पाहिजेत,’’ काका म्हणाले. ‘‘तिघांना आपापला आवाज, आपापला टोन. एकाचं बटण फिरवलं तर दुसऱ्याला कळतासुद्धा कामा नये.’’

काउंटरवर त्यांची गिटार होती. स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, तीन पिकअपवाली (तारांचा सूर पकडणारे चुंबक ते पिकअप), पांढऱ्या पॅनेलवर मनगट घासून घासून पिवळट पट्टा उमटलेला. काका ऑर्केस्ट्रात चाळीस वर्षं वाजवत आलेले. मला लहानपणापासून ओळखतात म्हणून ‘अरे-तुरे’. मी मान डोलावली आणि म्हणालो, ‘‘करून देतो काका, शनिवारी न्या.’’ त्या शनिवारनंतर ते काम पुढे पाच महिने चाललं.

मी मूळचा रेडिओवाला. पुण्यात बुधवार पेठेत मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे शाळा सुटल्यावर बसायचो. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर गेले, कॅसेट प्लेअर गेले. दुकानात राहिलं ते वाद्यांचं काम. अॅम्प्लिफायर, कीबोर्ड, मिरवणुकीतल्या बेंजोचे पिकअप आणि गिटारी. गिटार मला वाजवता येत नाही. पूर्वी याचं वाईट वाटायचं. मग वाचलं, की ज्यांच्या नावाने ही गिटार ओळखली जाते ते लिओ फेंडर यांनाही वाजवता येत नव्हती आणि कॅलिफोर्नियात फुलर्टन गावात १९३८ साली त्यांनी दुकान उघडलं ते रेडिओ दुरुस्तीचं. त्या दिवसापासून गिटारच्या पोटातली वायरिंग मला परकी वाटली नाही. तेच कंट्रोल, तेच कंडेन्सर, तीच अर्थची तार. मामाच्या रेडिओतला टोन कंट्रोल ज्या रीतीने वरची पट्टी कापायचा, त्याच रीतीने गिटारचाही कापतो.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. तीन पिकअप, पण आवाजाचा कंट्रोल एकच आणि टोनचे दोन: एक मानेजवळच्या पिकअपचा, एक मधल्याचा. ब्रिजजवळच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडच्या, पिकअपला पहिल्या रचनेत टोनच नाही. निवड करायला स्विच. आधी तीन घरांचा आणि १९७७ पासून पाच घरांचा. या पाच घरांत एक जोडी बसतच नाही: मान आणि ब्रिज एकत्र. काकांना नेमकी तीच हवी होती, आणि तीही मापाने. मानेचा पिकअप पूर्ण, ब्रिजचा चिमूटभर.

हे खूळ नव्हतं. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्याच्या रेकॉर्डिंगला दोन-दोन, तीन-तीन गिटारवाले बसत. एक कॉर्ड धरायचा, एक पीस वाजवायचा, एखादा नुसता ठेका. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार ऐका; ती एक स्वतंत्र व्यक्तिरेखाच आहे. ऑर्केस्ट्रात मात्र त्या तिघांचं काम एकट्या माणसाकडे येतं, एका गिटारवर, आणि समोरच्या माणसाला गाणं ‘तसंच’ ऐकायचं असतं. काका म्हणायचे, ‘‘मुखड्याला मला मऊ सूर हवा, कडव्याआधीच्या पीसला धार हवी, आणि मधे कुठेतरी दोन्हींचं मिश्रण. पेडलं नकोत. माझ्या करंगळीखाली जेवढं येतं तेवढ्यातच हवं.’’

सहा कंट्रोल आणि पॅनेलवर भोकं तीन. नवीन भोकं पाडायला काकांनी साफ नकार दिला. मला मामाकडचे जुन्या मोटारींतले रेडिओ आठवले. त्यांची बटणं एकात एक असायची: आतल्या दांडीवर आवाज, बाहेरच्या कड्यावर टोन. गिटारच्या जगातही हे नवं नाही. १९६० च्या पहिल्या फेंडर जॅझ बासवर असेच एकावर एक कंट्रोल होते. मी तसे तीन जुळे कंट्रोल मागवले, २५० किलोओहमचे, कारण एका कॉइलच्या पिकअपला तेच लावायची रीत आहे. टोनला ४७३ छापलेले कंडेन्सर, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड.

कंट्रोल ज्यांनी कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. कंट्रोलला तीन पाय असतात. आत कार्बनचा घोड्याच्या नालेसारखा पट्टा असतो, त्याची दोन टोकं म्हणजे बाजूचे दोन पाय. मधला पाय त्या पट्ट्यावर सरकणाऱ्या पितळी जिभेला जोडलेला. बटण फिरवलं की जीभ सरकते, बस. रिवाज असा, की पिकअपची तार एका कडेच्या पायावर द्यायची, दुसरी कड अर्थ करायची आणि आवाज मधल्या पायावरून काढून जॅककडे न्यायचा. मी तिन्ही पिकअपना तसंच केलं. तीन मधले पाय, त्यांच्या तीन तारा एका ठिकाणी आणून जॅकवर.

या कामात मला सगळ्यात आवडतो तो कंट्रोलच्या पाठीवर अर्थची तार बसवण्याचा क्षण. पाठ पत्र्याची असते आणि उष्णता पिऊन टाकते. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न धरून बसलात तर सोल्डर वितळायला मिनिट लागतं, तोवर आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो आणि बटण आयुष्यभर खरखरतं. म्हणून आधी पाठीवर पॉलिश पेपर फिरवायचा, चकाकी मारून घ्यायची, पत्रा मऊसर राखाडी दिसायला लागला की साठ वॅटचं आयर्न जाड टोकाने टेकवायचं. मनात तीन आकडे मोजायचे. सोल्डरचा मणी आधी गोळा होऊन बसतो, हट्टी पाऱ्यासारखा, आणि मग एकदम सुटतो आणि पसरतो. तो पसरला की तार त्यात बुडवायची, आयर्न काढायचं आणि हात दगडासारखा स्थिर ठेवायचा. गोठताना तार हलली तर वरून जोड सुरेख दिसतो आणि आतून पोकळ राहतो. त्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. मामा प्रत्येक जोडाला चिमट्याने ओढून बघायचा. मीही बघतो.

शुक्रवारी रात्री गिटार अॅम्प्लिफायरला लावली. पिकअपच्या लोखंडी खुंट्यांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच टेकवलं की ‘टक्’ असा आवाज येतो. मान: टक्. मधला: टक्. ब्रिज: टक्. प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त केला, टोन फिरवला. सगळं चोख. शनिवारी काका गिटार घेऊन गेले.

रविवारी एका लग्नाच्या रिसेप्शनला कार्यक्रम होता. मीही होतो, साउंडच्या टेबलाशेजारी. दुसऱ्याच गाण्यात काकांनी तिन्ही पिकअप चालू ठेवून सुरुवात केली, मग पीस जवळ आला तसा मानेचा आवाज हळूहळू खाली आणायला लागले. गिटार बारीक होत गेली. बटण शून्यावर पोचलं आणि गिटारच गेली. नुसता मानेचा पिकअप नव्हे, सगळी. ढोलक आणि कीबोर्ड चालू, गायिका काकांकडे बघतेय, काका तारांवर बोटं मारताहेत आणि स्पीकरमधून काही नाही. त्यांनी केबल हलवली, जॅक दाबला. आठ मात्रा तशाच गेल्या. मग हात चुकून बटणाला लागला आणि आवाज परत आला. त्या आठ मात्रांत काकांचा चेहरा मी पाहिला. चाळीस वर्षं स्टेजवर उभा असलेला माणूस, आणि माझ्या एका जोडणीने त्याला मुका केला होता.

रात्री झोप लागली नाही. कागद घेऊन आकृती काढली आणि दोन मिनिटांत कळलं. आवाज शून्यावर म्हणजे जीभ अर्थच्या टोकावर, म्हणजे मधला पाय अर्थ. आणि तिन्ही मधले पाय तर मी एकमेकांना जोडून जॅकवर नेले होते. एकाचा पाय जमिनीला टेकला की तिघेही जमिनीवर. टेबलावर मी प्रत्येक पिकअप वेगवेगळा तपासला होता. तिन्ही चालू ठेवून एक शून्यावर आणून पाहिलाच नव्हता. काकांनी नेमकं तेच मागितलं होतं आणि मी नेमकं तेच तपासलं नव्हतं.

ही अडचण फक्त माझ्या जोडणीतली नाही. चार बटणांची गिब्सन लेस पॉल १९५२ साली आली, दोन आवाज, दोन टोन. तिच्यातही स्विच मधे ठेवून एक आवाज शून्यावर नेला की दोन्ही पिकअप गप्प होतात. सत्तर वर्षं लोक ती तशीच वाजवत आलेत आणि कुरकुर करत नाहीत, कारण शून्यावर न्यायची वेळ आली की ते स्विच हलवतात. काकांकडे स्विच नव्हता. तो मी काढून टाकला होता.

तोड जुनीच निघाली, आणि तीही लिओ फेंडरांच्याच कारखान्यातली. तीन बटणांच्या जॅझ बासमध्ये पिकअपची तार कडेच्या पायावर नसते, मधल्या पायावर असते. आवाज कडेच्या पायावरून बाहेर पडतो. एवढीच अदलाबदल. पण शून्यावर काय होतं बघा: जीभ अर्थवर, म्हणजे त्या एका पिकअपचं तोंड बंद. जॅककडच्या बाजूला मात्र कार्बनचा अख्खा पट्टा उभा राहतो, अडीचशे किलोओहमचा बांध. बाकीच्या दोघांचा आवाज त्या बांधावरून अर्थकडे वाहून जात नाही. बुधवारी सहा तारा उपटून उलट्या लावल्या. या वेळी तिन्ही चालू ठेवून एकेक शून्यावर नेला. बाकीचे दोन गात राहिले. मी काकांना फोन केला.

काका आले, दहा मिनिटं वाजवलं, थांबले. ‘‘बंद होत नाही, छान. पण आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा का येतोय?’’

कान त्यांचा होता, माझा नव्हता. मला फरक कळायला त्यांना दोनदा वाजवून दाखवावं लागलं. मग तोही कळला: तारेवर नखाचा पहिला स्पर्श असतो ना, ती टोकाची चमक गेली होती.

हे मात्र एका रात्रीत सुटलं नाही. पिकअप ही फार अशक्त वस्तू आहे. लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, त्यातून निघणारा विद्युतप्रवाह म्हणजे नखभर. त्या प्रवाहाला अर्थकडे जायला जितक्या वाटा द्याल तितका तो पाझरतो, आणि आधी पाझरते ती वरची पट्टी. प्रत्येक कंट्रोल ही अशी एक वाट आहे, पूर्ण उघडा असला तरी. मूळ गिटारमध्ये मानेच्या पिकअपपुढे अशा दोन वाटा होत्या, एक आवाजाची, एक टोनची. अडीचशेच्या दोन वाटा शेजारी शेजारी म्हणजे सव्वाशे किलोओहम. आता माझ्या जोडणीत मानेचा एकटा चालू आणि बाकीचे दोन शून्यावर असं धरा. त्याच्या दोन वाटा आहेतच, शिवाय बाकीच्या दोघांचे अख्खे पट्टे, ज्यांना मी बांध म्हणालो, त्यांच्यातूनही थोडं झिरपतंच. चार वाटा झाल्या. अडीचशेला चारने भागलं की साडेबासष्ट. मूळच्या निम्मं. तिन्ही पूर्ण उघडे ठेवले तर सहा वाटा, बेचाळीसच्या आतबाहेर.

ही चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. साडेबासष्टखाली मी रेघ मारली आणि उलटं गणित केलं: चार वाटा मिळून सव्वाशे यायला हवे असतील तर एकेक वाट किती हवी? पाचशे. पाचशे किलोओहमचे कंट्रोल लेस पॉलसारख्या दोन कॉइलच्या पिकअपांना लावतात, एका कॉइलला लावले तर आवाज कर्कश होतो असं सगळे सांगतात, आणि एका पिकअपला एकच जोडी असेल तर ते खरंही आहे. पण इथे तीन जोड्या होत्या. पाचशे लावले की एकटा वाजणारा पिकअप बरोबर त्या जागी येत होता जिथे तो मूळ गिटारमध्ये होता. इतका सरळ हिशेब दुरुस्तीच्या कामात क्वचितच निघतो. त्या रात्री मी चहा करून प्यायलो, एकटाच, दोन वाजता.

पाचशेचे जुळे यायला तीन आठवडे लागले. लावले. काकांनी मानेचा पिकअप एकटा वाजवला आणि काही बोलले नाहीत, नुसतं वाजवत राहिले. मला तेवढं पुरे होतं.

तरीही ‘कळतासुद्धा कामा नये’ हे जमलेलं नव्हतं, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. उलट्या जोडणीत आवाज कमी करायला लागलो की जीभ अर्थकडे सरकते आणि तो पिकअप स्वतःच जास्त पाझरायला लागतो. आवाजाबरोबर त्याची चमकही उतरते. आणि तिघे मिळून चालू असताना एकाच्या बटणाचा थोडा परिणाम बाकीच्यांवर होतोच. तारेने जोडलेल्या तिघांना एकमेकांची खबर लागतेच. ती तोडायची तर प्रत्येकापुढे एक छोटा अॅम्प्लिफायर हवा, आयसीवर चालणारा, नऊ व्होल्टच्या सेलवर. मी तशी पट्टी बनवूनही दाखवली. अगदी निर्मळ वेगळेपण होतं त्यात. काकांनी ऐकली, कौतुक केलं आणि विचारलं, ‘‘कार्यक्रमात सेल गेला तर?’’ रिसेप्शनच्या आठ मात्रा आम्हा दोघांनाही आठवल्या. पट्टी मी परत ठेवून दिली.

मग आम्ही एक गोष्ट केली, जी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. मी म्हणालो, ‘‘काका, तुम्ही वाजवा, मी हात बघतो.’’ एक अख्खा कार्यक्रम मी विंगेत बसून त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. मानेचा आवाज ते सतत कमी-जास्त करत, करंगळीने, गायिका श्वास घेते तेव्हा. तो कमी होताना चमक उतरली तर त्यांना ते हवंच होतं. गाण्याच्या मागे जाताना सूर मऊ झालेलाच बरा. मधला पिकअप ते एकदा लावून ठेवत आणि विसरून जात. ब्रिजचं बटण मात्र ते पीसच्या आधी घाईने पूर्ण उघडत आणि संपला की घाईने मिटत. अर्ध्या मात्रेत. तिथे त्यांचा हात चुकत होता, एकदा तर तारेला अडकला.

ब्रिजला कमी-जास्त नकोच होतं. त्याला हवं होतं ‘आहे’ आणि ‘नाही’. जुन्या स्विचची खाच पॅनेलवर रिकामी होती. तिच्यात मी दोन पोलचा ब्लेड स्विच बसवला. पुढे ढकलला की तिन्ही पिकअप आपापल्या कंट्रोलमधून, मिसळून. मागे ओढला की ब्रिजचा पिकअप सगळे कंट्रोल ओलांडून सरळ जॅकवर, वाटेत एकही पाझर नाही. ती धार ऐकून ड्रमवाला मुलगा वळून बघायला लागला. काकांच्या बोटांना तर तो स्विच चाळीस वर्षांचा ओळखीचा. खाच तीच, ओढ तीच.

गणपतीत एका मंडळाच्या कार्यक्रमाला मी पुन्हा साउंडच्या टेबलाशेजारी उभा होतो. सहाव्या की सातव्या गाण्यात तिन्ही पिकअप चालू असताना काकांनी मानेचं बटण खाली घ्यायला सुरुवात केली. माझे हात खिशात होते, मुठी वळलेल्या. बटण शून्यावर गेलं. मऊ सूर विरला, खालून मधल्या आणि ब्रिजच्या पिकअपचा पातळ, खणखणीत सूर वर आला आणि गाणं चालत राहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वाजवत होते.

दसऱ्यानंतर गिटार तारा बदलायला आली. मामाच्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या खोक्यात आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. उघडणाऱ्या माणसाला काय कुठे आहे ते कळावं म्हणून. मी तसाच एक कागद केला. पेन्सिलने तीन नाला काढल्या, प्रत्येकीचे तीन पाय, आणि तिन्ही मधल्या पायांवर लाल शाईने लिहिलं: ‘पिकअपची तार इथे. मुद्दाम.’ हे लिहिणं गरजेचं होतं. ज्याला रिवाज माहीत आहे तो पुढचा मेकॅनिक हे पाहून म्हणेल, कोणीतरी उलटं लावलंय, आणि सरळ करून ठेवेल. स्विचची आकृती शेजारी काढली, पाचशेचा आकडा लिहिला, तारीख घातली. कागद पॅनेलच्या आतल्या अंगाला चिकटवला, कंट्रोलच्या पाठीला लागत नाही ना ते पाहिलं, आणि अकरा स्क्रू एकेक करून बसवले.